स्क्रीनचा दोष ठरवायचा कुणी?

माझ्या फोनची स्क्रीन दिवसा निर्दोष असते. रात्री दिवे मालवून ब्राइटनेस अगदी खाली आणला आणि गडद राखाडी पार्श्वभूमीचे एखादे पान उघडले, की तिची डावी कड फिकट गुलाबी दिसते आणि उजवीकडे जाता जाता तो गुलाबीपणा विरून किंचित हिरवट छटा येते. फोन घेतल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात हे लक्षात आले, म्हणून मी तो सेवा केंद्रात नेला. तिथल्या तंत्रज्ञाने फोन काउंटरवर ठेवला, ब्राइटनेस पूर्ण वाढवला, एक सांकेतिक क्रमांक दाबून लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे रंग एकामागून एक स्क्रीनभर दाखवले आणि स्क्रीन व्यवस्थित असल्याचा निर्वाळा दिला. मी ब्राइटनेस खाली आणण्याची विनंती केली. पण डोक्यावर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड असल्यामुळे तेव्हाही काही दिसेना. शेवटी काउंटरखालच्या उघड्या खणात फोन धरून, वर हाताचा आडोसा करून मी त्याला ती गुलाबी कड दाखवली. त्याने ती पाहिली, आहे हे मान्य केले आणि म्हणाला, "हो, पण हे मर्यादेत बसतं, सर." मर्यादा किती असते, असे विचारल्यावर त्याने सरळ सांगितले की ती त्यालाही कुणी सांगितलेली नाही.

त्या तंत्रज्ञाचा यात दोष नाही. त्याला जी तपासणी शिकवली होती ती त्याने केली, आणि त्या तपासणीत माझी तक्रार सापडणे शक्यच नव्हते. माझा आक्षेप त्या न छापलेल्या मर्यादेला आहे. फोन किती खोल पाण्यात किती वेळ टिकेल, बॅटरी किती मिलिअँपिअर-तासांची आहे, कॅमेऱ्याचे छिद्र केवढे आहे, हे सगळे खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असते. ज्या भागाकडे आपण दिवसातून कित्येक तास पाहतो, त्याच्याबद्दल मात्र फक्त कमाल आकडे छापले जातात आणि किमान हमी एकही नसते. स्क्रीनमधला कोणता फरक दोष मानायचा आणि कोणता स्वभाव, हे आज एकटी कंपनी ठरवते, बंद दाराआड ठरवते आणि तक्रार आल्यानंतर सांगते. ही सहनमर्यादा विक्रीआधी, लेखी आणि पडताळता येईल अशा शब्दांत जाहीर करण्याचे बंधन उत्पादकांवर असले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

मर्यादा असूच नये, असे मी म्हणत नाही, कारण माझ्या फोनसारखी ॲमोलेड स्क्रीन कशी चालते हे पाहिले की पूर्ण समानतेची अपेक्षा फोल आहे हे लगेच कळते. एलसीडीमध्ये मागे एक दिवा असतो आणि पुढचे द्रवस्फटिक त्याचा उजेड अडवतात किंवा जाऊ देतात. ॲमोलेडमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो आणि त्याला किती विद्युतप्रवाह द्यायचा हे त्याच्या पाठीमागचे सूक्ष्म ट्रान्झिस्टर ठरवतात. लेझरने सिलिकॉनचे स्फटिकीकरण करून बनवलेले हे लाखो ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे निघत नाहीत. कोणता किती व्होल्टेजला जागा होतो, यात बारीक फरक राहतोच. म्हणून कारखान्यात कॅमेऱ्याने प्रत्येक पॅनेलचा नकाशा काढतात आणि त्यातल्या उणिवा भरून काढणारे आकडे पॅनेलसोबत साठवून ठेवतात. या उद्योगात अशा डागाळलेपणाला 'मुरा' म्हणतात. मूळ जपानी शब्दाचा अर्थच असमानता असा आहे. भरपूर उजेडात प्रवाह मोठा असतो, त्यामुळे ट्रान्झिस्टरमधला फरक त्यात बुडून जातो. ब्राइटनेस तळाला आला की प्रवाह इतका क्षीण होतो की तोच फरक प्रमाणाने मोठा ठरतो आणि डोळ्यांना कड गुलाबी दिसते. लख्ख उजेडात, पूर्ण ब्राइटनेसवर पाच रंग दाखवून ही तक्रार तपासणे म्हणजे ताप पाहायचा म्हणून वजनकाट्यावर उभे करण्यासारखे आहे.

म्हणजे ही छटा प्रत्येक ॲमोलेडमध्ये थोडीफार असणार. प्रश्न 'थोडीफार' म्हणजे किती, एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर मोजता येते. दोन रंगांमधला फरक सांगणारे डेल्टा-ई नावाचे माप आहे. साधारणपणे १ च्या आसपासचा फरक काळजीपूर्वक पाहणाऱ्याला जेमतेम जाणवतो आणि तो ३ च्या पुढे गेला की बहुतेकांच्या नजरेत भरतो. कारखान्यात पॅनेल पास किंवा नापास करताना असे आकडे वापरलेच जातात, त्याशिवाय छाटणी होऊ शकत नाही. तेव्हा आकडा अस्तित्वात नाही अशी अडचण नाही. तो ग्राहकाला सांगितला जात नाही, इतकेच. त्यात भर अशी की एकाच नावाच्या फोनसाठी दोन-तीन पुरवठादारांकडून पॅनेल घेण्याची पद्धत सर्रास आहे. दोघांनी एकाच दिवशी तोच फोन घेतला तरी दोघांच्या हातात वेगवेगळ्या कारखान्यातली स्क्रीन असू शकते, आणि परीक्षण लिहिणाऱ्याच्या हाती कोणती होती हे दोघांनाही माहीत नसते. खरेदीदार मंडळी याला 'पॅनेलची लॉटरी' म्हणतात. लॉटरीच्या तिकिटावर निदान बक्षिसे किती आणि कोणती हे छापलेले असते.

छापील मर्यादा ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. सपाट स्क्रीनसाठी २००१ मध्ये आयएसओ १३४०६-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले, त्यात बिघडलेल्या पिक्सेलांवरून स्क्रीनचे वर्ग पाडले होते. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ ने घेतली. जुन्या मानकातल्या दुसऱ्या वर्गात, म्हणजे ज्या वर्गात बहुसंख्य मॉनिटर विकले जात त्यात, दर दहा लाख पिक्सेलांमागे २ सतत पेटलेले आणि २ सतत विझलेले पिक्सेल, तसेच ५ बिघडलेले उपपिक्सेल, म्हणजे पिक्सेलमधले लाल, हिरवे किंवा निळे भाग, चालत. आजच्या १०८० गुणिले २४०० पिक्सेलांच्या फोनला हाच हिशेब लावला तर सुमारे २५ लाख ९२ हजार पिक्सेलांत पाच पेटलेले, पाच विझलेले आणि बारा-तेरा बिघडलेले उपपिक्सेल असूनही स्क्रीन पास ठरेल. हातातल्या फोनवर पाच पांढरे ठिपके कुणी खपवून घेणार नाही, हे उघड आहे. मॉनिटरच्या काळातही ही मर्यादा ग्राहकांना जाचक वाटायची. पण ती छापील होती. तिच्याशी भांडता येत होते, आणि एखादा विक्रेता 'आमच्या मॉनिटरवर एकही पेटलेला पिक्सेल निघाला तर बदलून देऊ' अशी वरचढ हमी देऊन तिच्या पुढे जाऊ शकत होता. मोबाइलच्या बाबतीत स्पर्धेची ही वाटच बंद आहे, कारण जिच्या पुढे जायचे ती रेघच कुठे आखलेली नाही.

रेघ नाही, पण कमाल आकड्यांचा मात्र पाऊस आहे. त्यात सध्या सर्वांत जोरात आहे तो 'पीक ब्राइटनेस'. निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला, हे माप चोख आहे. वापर चोख नाही. तीन हजार किंवा साडेचार हजार निट्सचा जो आकडा जाहिरातीत झळकतो, तो बहुधा स्क्रीनच्या एखाद्या टक्क्याएवढ्या लहानशा पांढऱ्या चौकोनावर, भोवतीचे सगळे काळे ठेवून मोजलेला असतो. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या, चित्रपटातला दूरचा दिवा किंवा पाण्यावरची चमक एवढ्यापुरता त्याचा उपयोग. उन्हात उभे राहून नकाशा पाहताना स्क्रीन बरीचशी पांढरी असते, तेव्हा सगळे बिंदू एकदम पेटवण्याएवढी वीज आणि ती उष्णता फोनला पेलत नाही, म्हणून प्रत्यक्ष मिळणारा उजेड त्या आकड्याचा लहानसा अंशच असतो. त्यातही हा वाढीव उजेड बहुधा फक्त स्वयंचलित ब्राइटनेस चालू असताना आणि प्रकाशसंवेदकावर ऊन पडत असतानाच मिळतो, आणि फोन तापला की काही मिनिटांत उतरतो. 'उन्हात स्क्रीन आपोआप मंद होते' ही तक्रार घेऊन येणाऱ्याला 'फोन तापला असेल' असे सांगतात, ते खरेच असते. फक्त खोक्यावरच्या आकड्यापुढे 'इतकी मिनिटे' हे शब्द नसतात. शिवाय डोळा निट्स बेरजेने मोजत नाही. उजेड दुप्पट झाला तर तो साधारण सव्वापट वाटतो. उन्हात वाचता येणे हे निम्म्याहून अधिक काचेवर अवलंबून असते, असे माझे मत आहे. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो आणि अक्षरांवर आपलाच चेहरा दिसतो. २०२४ मध्ये काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीने गोरिला आर्मर ही काच आणताना परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी होते असा दावा केला, तेव्हा मला तो निट्सच्या शर्यतीतल्या कोणत्याही विक्रमापेक्षा महत्त्वाचा वाटला. तरीही परावर्तनाचा आकडा विनिर्देशांच्या तक्त्यात शोधूनही सापडत नाही.

पिक्सेलांच्या दाटीचीही अशीच गंमत आहे. २०१० मध्ये आयफोन ४ दर इंचाला ३२६ पिक्सेल घेऊन आला आणि त्या स्क्रीनला 'रेटिना' हे नाव मिळाले. त्यामागचे गणित सोपे आहे. निरोगी नजर साधारणपणे एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन ओळखते, आणि ३० सेंटिमीटरवरून त्याचे उत्तर इंचाला सुमारे २९० पिक्सेल येते. आजचा साडेसहा इंची फोन कागदावर ४०५ दाखवतो. पण अनेक ॲमोलेड पॅनेलांत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल नसतात. हिरवा प्रत्येकाला मिळतो, लाल आणि निळे शेजाऱ्यांत वाटून घेतले जातात. म्हणजे लाल आणि निळ्याची खरी दाटी २८६ च्या घरात येते. लाल अक्षरांची कड किंचित करवतीसारखी दिसते, असे सांगणाऱ्याला नेत्रतपासणीचा सल्ला देण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे. रिफ्रेश रेटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ६० हर्ट्झवरून १२० वर गेल्यावर दोन चित्रांमधले अंतर सुमारे १६.७ वरून ८.३ मिलिसेकंदांवर येते, सरकवताना अक्षरे स्थिर वाटतात, आणि कंपन्या इथे फारशी लपवाछपवी करत नाहीत. लपवाछपवीचा नमुना हवा असेल तर संरक्षक काचेवरचा '९एच' पाहावा. तो आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे. हिऱ्याला दहावा क्रमांक देणाऱ्या मोहस मापश्रेणीशी त्याचा काही संबंध नाही. वाळूतला क्वार्ट्झ त्या श्रेणीत सातवा आहे आणि तो या काचेवर आरामात ओरखडा पाडतो.

आता दुसरी बाजू. स्क्रीनविषयीच्या बऱ्याच तक्रारी खरोखरच डोळ्यांच्या सवयीतून येतात, आणि हे मान्य केल्याशिवाय ग्राहकाची बाजू मांडण्यात अर्थ नाही. पांढरा रंग कसा दिसावा, याची आपल्या मेंदूत पक्की नोंद नसते; समोर जे काही सर्वांत उजळ आहे त्यालाच तो पांढरे मानायला लागतो. त्यामुळे जुना निळसर स्क्रीनचा फोन वापरणाऱ्याला नवा, प्रमाणाप्रमाणे साडेसहा हजार केल्व्हिनच्या पांढऱ्यावर बसवलेला फोन पिवळट वाटतो. चार दिवसांनी तोच फोन पांढरा आणि जुना निळा वाटू लागतो. दोन फोन शेजारी ठेवून केलेली तुलना म्हणूनच फसवी असते: ती फरक आहे हे बिनचूक सांगते, चूक कुणाची हे मात्र सांगत नाही. आणि पुरावा म्हणून तिसऱ्या फोनने काढलेला फोटो जोडला की गोंधळात भरच पडते, कारण तो कॅमेरा स्वतःच्या अंदाजाने पांढरा रंग ठरवतो आणि सौम्य छटा गडद करून दाखवतो. माझ्या गुलाबी कडेचा फोटो मीही काढून पाहिला होता. त्यात संपूर्ण स्क्रीन जांभळी आली.

सवय, स्वभाव आणि दोष या तिन्हींचा एकाच वेळी गुंता झाला, तो २०१७ मध्ये, गूगलच्या पिक्सेल २ एक्सएल या फोनच्या वेळी. विक्री सुरू होताच तीन तक्रारी एकदम आल्या. रंग मेलेले दिसतात, ही पहिली. फोन जरा तिरपा धरला की स्क्रीन निळी दिसते, ही दुसरी. आणि नेव्हिगेशनच्या बटणांची पुसट छाप थोड्याच दिवसांत पडद्यावर उमटलेली दिसते, ही तिसरी. पहिली तक्रार बहुतांशी सवयीची होती, कारण गूगलने रंग मुद्दाम एसआरजीबी या प्रमाणाला धरून ठेवले होते, आणि वर्षानुवर्षे भडक रंगांना सरावलेल्या डोळ्यांना प्रमाण रंग फिके वाटले. दुसरी पॅनेलच्या स्वभावाची. ओलेड स्क्रीन (ॲमोलेड हा तिचाच प्रकार) तिरप्या कोनातून थोडी छटा बदलते, फक्त या पॅनेलमध्ये ती जरा जास्तच होती. तिसरी मात्र सरळसरळ टिकाऊपणाची होती. गूगलने काय केले? रंग अधिक गडद करणारी एक निवड अद्ययावतीकरणातून दिली, बटणे काही वेळाने मंद होतील अशी सोय केली आणि फोनची वॉरंटी दोन वर्षांची केली. तिन्ही तक्रारींना तीन वेगळी उत्तरे मिळाली, आणि माझ्या मते ही वागणूक बरीचशी योग्य होती. पण ती मिळाली ती परीक्षकांनी आणि वृत्तपत्रांनी जगभर गवगवा केल्यामुळे. एकट्या ग्राहकाला काउंटरवर उभे राहून तिन्हींसाठी एकच उत्तर मिळते, ते मी वर लिहिले आहे.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो लुकलुकण्याच्या तक्रारीवर, आणि इथे जरा थांबायला हवे. बहुतेक ॲमोलेड स्क्रीन कमी ब्राइटनेसला खरोखर मंद जळत नाहीत. त्या झपाट्याने विझतात आणि पेटतात, आणि विझलेला वेळ जितका जास्त तितका उजेड कमी वाटतो. वर्षानुवर्षे याचा वेग सेकंदाला २४० वेळा असा होता आणि कित्येक फोनांत अजूनही आहे. हे डोळ्यांना उघड दिसत नाही, पण पाहायचे असेल तर अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस पाव भागावर आणून पांढऱ्या पानासमोर एक पेन्सिल वेगाने हलवावी. स्थिर उजेडात तिचा एकसंध धूसर पंखा दिसतो. लुकलुकणाऱ्या स्क्रीनसमोर एकीपासून एक सुटी अशा अनेक पेन्सिली दिसतात. बहुतेकांना यामुळे काहीही त्रास होत नाही. काहींना मात्र अर्ध्या तासात डोके दुखू लागते, डोळ्यांमागे ताण येतो, मळमळते; आणि त्यांच्या वाट्याला 'फोन कमी वापरा' हा उपदेश येतो. एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याबद्दल आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये १७८९ क्रमांकाची शिफारस प्रसिद्ध केली. तिच्या सूत्रानुसार, पूर्ण विझण्यापर्यंत जाणाऱ्या प्रकाशाचा वेग १२५० हर्ट्झच्या वर असेल तर धोका कमी मानावा आणि ३००० च्या वर असेल तर परिणाम जाणवणार नाही असे समजावे. ती दिव्यांसाठी आहे, फोनसाठी नाही, हे खरे. पण छतावरच्या दिव्याच्या बाबतीत जी काळजी योग्य ठरते, ती चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरलेल्या दिव्याच्या बाबतीत अनाठायी कशी ठरेल? अलीकडे काही फोन १९२०, २१६० किंवा ३८४० हर्ट्झचा दावा करतात. ही चांगली गोष्ट आहे, मात्र ज्यांचा आकडा चांगला आहे तेच तो सांगतात. ज्यांचा २४० आहे त्यांच्या माहितीपत्रकात त्या जागी 'डोळ्यांची काळजी' असे शब्द आणि हिरव्या पानाचे चित्र असते.

त्या पानामागे असतो तो निळा प्रकाश कमी करणारा पिवळा गाळणीपडदा. त्याने स्क्रीन रात्री सौम्य वाटते, आणि ज्याला तो आवडतो त्याने जरूर लावावा. पण स्क्रीनमधल्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, ही अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. थकव्याचे मोठे कारण त्याहून साधे आहे: एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा लवणारी पापणी स्क्रीनसमोर निम्म्याहूनही कमी वेळा लवते आणि डोळे कोरडे पडतात. म्हणजे जिथे पुरावा नाही तिथे बोधचिन्ह आहे, आणि जिथे निदान सावधगिरीला आधार आहे तिथे मौन आहे.

माझी गुलाबी कड आणि दुसऱ्या कुणाची डोकेदुखी ही एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे मला उशिरा कळले. प्रवाह कमी करून उजेड उतरवला तर लुकलुकणे घटते, पण क्षीण प्रवाहात ट्रान्झिस्टरांमधला फरक उघडा पडतो आणि रंग ठिकठिकाणी बदलतात. प्रवाह चढा ठेवून स्क्रीन लुकलुकवली तर रंग सगळीकडे सारखे राहतात, पण संवेदनशील माणसाचे डोके दुखते. अभियंत्यांनी यातून मधला मार्ग काढलेला असतो आणि तो काढण्याचा त्यांना अधिकार आहे. मात्र ही निवड आपल्या वतीने कुणीतरी केली आहे, हे ग्राहकाला कळले पाहिजे, कारण दोघांना हवे असलेले फोन वेगळे आहेत. काही फोनांत प्रवाह कमी करून उजेड उतरवणारा 'डीसी डिमिंग' नावाचा पर्याय सेटिंग्जच्या तळाशी असतो, आणि तो चालू केल्यास रंगांत फरक पडू शकतो असे त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते. एवढा प्रामाणिकपणा तळघरात ठेवण्याचे काही कारण नाही.

वयोमानाने येणाऱ्या तक्रारींकडे वळतो. ओलेडमधले सेंद्रिय पदार्थ जळता जळता झिजतात, आणि निळे सर्वांत आधी झिजतात. म्हणूनच निळे उपपिक्सेल आकाराने मोठे ठेवून त्यांच्यावरचा भार कमी केलेला असतो. एकाच जागी रोज तासन्‌तास तेच चित्र राहिले तर तिथली झीज जास्त होते आणि छाप कायमची उमटते. यात वापरणाऱ्याचाही वाटा आहे, हे मी मान्य करतो. उभ्या हिरव्या किंवा गुलाबी रेघेचे तसे नाही. फोन कधी पडलेला नाही, भिजलेला नाही, आणि एके दिवशी, पुष्कळदा अद्ययावतीकरण झाल्यावर, स्क्रीनच्या वरपासून खालपर्यंत एक झळझळीत रेघ उमटते. तिचे मूळ बहुधा पॅनेल आणि त्याला चालवणारी चिप यांच्यामधल्या अतिसूक्ष्म जोडणीत असते. उष्णतेने ती जोडणी सुटली की तिच्यावर अवलंबून असलेला पिक्सेलांचा अख्खा स्तंभ बेताल होतो. अद्ययावतीकरणात फोन बराच वेळ तापतो, त्यामुळे लोक दोष सॉफ्टवेअरला देतात. काही कंपन्यांनी वॉरंटी संपल्यानंतरही अशा ठरावीक फोनांच्या स्क्रीन मोफत बदलून दिल्या आहेत. त्याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे, पण अशी सवलत ठरावीक नावांपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असते. वापरणाऱ्याचा ज्यात काडीचाही हात नाही असा बिघाड औदार्यावर सोडलेला आहे.

यावर उत्पादकांचा एक आक्षेप मी रास्त मानतो. मर्यादा जाहीर केली तर ग्राहक मोजमापाची साधने घेऊन बसतील, चांगल्या स्क्रीनही परत येतील, कारखान्यात जास्त पॅनेल नापास होतील, किंमत वाढेल आणि कचराही. हे सगळे थोडेफार होईल. पण उपाय त्याच जुन्या मानकात आहे: सगळ्या स्क्रीन एकाच कसोटीला उतरल्या पाहिजेत असा आग्रह न धरता वर्ग पाडावेत. स्वस्त फोनची स्क्रीन तिसऱ्या वर्गाची असली तर बिघडले कुठे? घेणारा ते वाचून घेईल. दुसरा एक आक्षेप असा केला जातो की ग्राहकाला हे आकडे कळत नाहीत. मिलिअँपिअर-तास तरी कुठे कळत होते? ते वर्षानुवर्षे छापले गेले, म्हणून कळू लागले.

छापायचे तरी काय, याबद्दल माझी अपेक्षा लांबलचक नाही. पूर्ण पांढऱ्या स्क्रीनचा, अर्धा तास टिकणारा उजेड, कमी ब्राइटनेसला लुकलुकण्याचा वेग आणि त्यात उजेड किती खाली उतरतो ते, तळच्या ब्राइटनेसला राखाडी रंगात कडेपासून कडेपर्यंत चालणारा कमाल रंगफरक, काचेचे परावर्तन, आणि आपोआप उमटलेली रेघ किती वर्षे कंपनीच्या खात्यात धरली जाईल, ते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनला ऊर्जालेबल लागले आहे. त्यावर एका चार्जमध्ये बॅटरी किती वेळ पुरेल, किती आवर्तनांनंतर ती थकेल, फोन पडण्याला किती दाद देईल आणि दुरुस्त करायला किती सोपा आहे, हे सगळे अक्षरश्रेणींत आणि आकड्यांत येते. त्यासोबतच्या नियमांनी विक्री थांबल्यानंतर सात वर्षे डिस्प्लेसकट महत्त्वाचे सुटे भाग पुरवण्याचे बंधनही घातले आहे. म्हणजे कंपन्या प्रमाणित पद्धतीने चाचण्या करून त्यांचे निकाल जाहीर करू शकतात, आणि केल्यावर त्यांचे दिवाळे निघत नाही, हे दिसले आहे. त्या लेबलावर बदलून मिळणाऱ्या स्क्रीनची सोय मोजली जाते. ती स्क्रीन कशी दिसते, याबद्दल तिथेही एक ओळ नाही.

माझा फोन मी परत घेऊन आलो. सोबत मिळालेल्या कागदावर 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात त्या तंत्रज्ञाने मी सांगितले तसे, अंधारात डावी कड गुलाबी दिसते, असे नीट लिहिले आहे. त्याच्या शेजारच्या 'तपासणीत आढळलेले' या रकान्यात दोनच पर्याय छापलेले होते, 'दोष आढळला' आणि 'दोष आढळला नाही'. दोन्हींवर पेन थोडा वेळ रेंगाळले होते. मग त्याने दुसऱ्यावर खूण केली.